ताग इकडे, गिरणी तिकडे
(वैरी शेजाऱ्यांनी एकमेकांवर अवलंबून राहावे का?)



या पानावर आपण दर वेळी बेणे, खत, पाण्याच्या पाळ्या, खोडकीड असले विषय घेतो. या वेळचा विषय जरा लांबचा वाटेल. पण त्याची सुरुवात आपल्याच शिवारात झाली आहे, म्हणून तो इथे मांडायचे धाडस करतो.

२०२५ च्या पावसाळ्याच्या तोंडावर गट कार्यालयात आडसाली लागणीचा शेतकरी मेळावा होता. ठिबकातून कोणती विद्राव्य खते कधी सोडावीत, हे मी फळ्यावर लिहून दाखवत होतो. तेवढ्यात एक वयस्क सभासद उभे राहिले. म्हणाले, "सायेब, १२:६१:० सोडा, ०:५२:३४ सोडा, समदं खरं. पण दुकानात माल हाय कुठं? दुकानदार म्हणतोय, चीननं अडवलाय. ज्याच्याशी आपल्या पोरांनी गलवानात झुंज घेतली, त्याच्याच पोत्यावर आपला ऊस पोसायचा, ही कुठली रीत?"

मेळाव्यात टाळ्या पडल्या. मागच्या बाजूने एका तरुण सभासदाने उलटा प्रश्न टाकला, "तात्या, त्याचं गिऱ्हाईक आपण. आपण घेतलं नाही तर त्याचा धंदा बसंल. व्यवहार असला म्हंजे भांडण वाढत न्हाई."

त्या वेळी वेळ नव्हता, म्हणून मी दोघांनाही "पुढे बोलू" म्हणून खाली बसवले. घरी आल्यावर मात्र प्रश्न डोक्यातून जाईना. दोघांचेही म्हणणे अर्धे खरे आहे. मग कोणाचे कुठवर खरे, हे जुन्या घडलेल्या गोष्टींवरून पाहू. पिकाचा प्रयोग आपण एका वाफ्यावर घेत नाही, चार वाफ्यांवर घेतो. इथेही चार वाफे घेऊ.

पहिला वाफा : बंगालचा ताग

आपल्या कारखान्यातील साखरेचे पोते आपण सगळे ओळखतो. साखरेचा काही हिस्सा तागाच्या पोत्यातच भरावा, यासाठी १९८७ चा कायदा आहे. हा ताग म्हणजे आपण हिरवळीच्या खतासाठी पेरतो तो बोरूचा ताग नव्हे. हा बंगालचा, पाण्यात कुजवून धागा काढायचा ताग.

१९४७ साली देशाची फाळणी झाली तेव्हा तागाची मोठी गंमत, खरे म्हणजे मोठी शोकांतिका झाली. अखंड हिंदुस्थानातील तागाच्या पिकाचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग पूर्व बंगालात, म्हणजे त्या वेळच्या पूर्व पाकिस्तानात गेला. तागाच्या गिरण्या मात्र हुगळी नदीच्या काठी, कलकत्त्याच्या आसपास, भारतात राहिल्या. ऊस एका देशात आणि कारखाना दुसऱ्या देशात! तोडलेला ऊस काट्यावर न्यायला मध्ये जकात नाका, अशी कल्पना करून पाहा.

आता हे दोन देश एकमेकांवर किती अवलंबून होते ते बघा. १९४८-४९ साली पाकिस्तानच्या निर्यातीपैकी निम्म्याहून अधिक माल भारतात येत होता. पाकिस्तानच्या रेल्वेला कोळसा भारतातून जात होता. शेतकरी तिकडचा, गिरणी कामगार इकडचा, दोघांची चूल एकाच पिकावर. आपल्या तरुण सभासदाच्या हिशोबाने इथे भांडण होण्याचे काही कारण नव्हते.

पण झाले काय? सप्टेंबर १९४९ मध्ये इंग्लंडने पौंडाची किंमत उतरवली. पाठोपाठ भारताने रुपयाची उतरवली. पाकिस्तानने आपला रुपया उतरवला नाही. एका रात्रीत पाकिस्तानचे शंभर रुपये म्हणजे भारताचे एकशे चव्वेचाळीस रुपये झाले. भारताने हा दर मानायला नकार दिला. पाकिस्तानने ताग अडवला, भारताने कोळसा अडवला. गिरण्यांना माल मिळेना आणि तिकडच्या शेतकऱ्याच्या तागाला गिऱ्हाईक मिळेना. एप्रिल १९५० मध्ये तात्पुरती तडजोड झाली आणि फेब्रुवारी १९५१ मध्ये भारताने तो दर मान्य केला. तोवर दोघांनाही जे कळायचे ते कळले होते.

दोघांनी एकच धडा घेतला : दुसऱ्यावर अवलंबून राहायचे नाही. भारताने पश्चिम बंगाल, आसाम, बिहार, ओरिसा इथे तागाचे क्षेत्र वाढवले. पाकिस्तानने नारायणगंजला आदमजी मिलसारख्या स्वतःच्या गिरण्या उभ्या केल्या. दोन्ही सरकारांचे पुढारी याला स्वावलंबन म्हणाले, आणि त्यात खोटे काही नव्हते. पण खर्च किती आला? जिथे गिरण्या होत्या तिथे नवीन शेती, जिथे शेती होती तिथे नव्या गिरण्या. एकाच कामाचा दुप्पट खर्च, तोही दोन गरीब देशांनी केलेला. आणि दुसरी गोष्ट म्हणजे दोघांना बांधणारी एक दोरी तुटली. १९६५ ची लढाई झाली तेव्हा उरलासुरला व्यापारही बंद पडला. तो १९७४ पर्यंत उघडला नाही.

तागाचा व्यवहार टिकला असता तर लढाया टळल्या असत्या, असे मी म्हणणार नाही. काश्मीरचे भांडण तागाच्या पोत्यात मावणारे नव्हते. पण एवढे खरे, की गरज दोघांची असली तरी तेवढ्यावर व्यवहार टिकत नाही. भाव कोणी ठरवायचा, वाद झाला तर तोडायचा कोणी, याची सोय आधी नव्हती. म्हणून पहिल्याच धक्क्याला गाडा मोडला.

दुसरा वाफा : कोळसा आणि लोखंड

आता युरोपात जाऊ. फ्रान्स आणि जर्मनी हे सख्खे शेजारी आणि हाडवैरी. १८७०, १९१४ आणि १९३९, सत्तर वर्षांत तीन लढाया. मधल्या लोरेन भागात लोखंडाची माती आणि जर्मनीच्या रूर खोऱ्यात उत्तम कोळसा. पोलादाला दोन्ही लागतात. लोरेनच्या मातीत स्फुरद फार, त्यामुळे तिचे पोलाद ठिसूळ होई. १८७८ च्या सुमारास टॉमस नावाच्या इंग्रजाने तो स्फुरद काढायची रीत शोधली. निघालेला स्फुरदाचा मळ दळून युरोपातले शेतकरी शेतात टाकू लागले. आम्ही कृषी पदविकेला असताना 'बेसिक स्लॅग' म्हणून जे खत पाठ केले, ते हेच.

म्हणजे इथेही तागासारखीच स्थिती. एकाकडे माती, दुसऱ्याकडे कोळसा. पहिल्या महायुद्धानंतर फ्रान्सने काय केले? जर्मनीने युद्धाची नुकसानभरपाई थकवली म्हणून जानेवारी १९२३ मध्ये बेल्जियमला बरोबर घेऊन रूर खोऱ्यात फौज घुसवली. जर्मन कामगारांनी काम बंद केले. त्यांना पोसायला सरकारने नोटा छापल्या, आधीच घसरलेले चलन साफ मातीमोल झाले, आणि त्या रागावर पुढे हिटलरचे पीक पोसले. गळ्याला हात घालून घेतलेला कोळसा असा महाग पडला.

दुसऱ्या महायुद्धानंतर रॉबर्ट शुमान हे फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री होते. हा माणूस जन्मला लक्झेंबर्गमध्ये, वडील लोरेनचे. लोरेन तेव्हा जर्मनीकडे, म्हणून हा आधी जर्मन नागरिक. पहिल्या युद्धानंतर लोरेन फ्रान्सकडे आले, तेव्हा हा फ्रेंच झाला. बांध सरकला की माणसाचे काय होते हे त्यांनी स्वतः भोगले होते. ९ मे १९५० रोजी त्यांनी जाहीर केले की फ्रान्स आणि जर्मनीचा सगळा कोळसा आणि सगळे पोलाद एका सामाईक मंडळाच्या हाती द्यावे. योजना आखली होती जाँ मोने यांनी. जर्मनीचे प्रमुख आडेनॉवर यांनी होकार दिला. १९५१ मध्ये पॅरिसला करार झाला. त्यात इटली, बेल्जियम, हॉलंड, लक्झेंबर्ग हेही आले. १९५२ पासून काम सुरू झाले.

सहकारात मुरलेल्या आपल्या सभासदांना या कराराची रचना चटकन समजेल :

(१) कारभार पाहायला नऊ जणांचे उच्च मंडळ. सभासद कोणत्याही देशाचा असो, त्याने आपल्या सरकारचा हुकूम घ्यायचा नाही.

(२) वाद झाला तर तोडायला स्वतंत्र न्यायालय.

(३) उत्पादनावर छोटीशी पट्टी, आपल्याकडे टनामागे कपात होते तशी. तिच्यातून सामाईक फंड.

(४) ज्याचे नुकसान होईल त्याला आधार. बेल्जियमच्या खाणी महागड्या होत्या, त्यांना काही वर्षे मदत दिली. खाणी बंद पडल्या तिथल्या कामगारांना दुसरे काम शिकवायला पैसा दिला.

हा करार पन्नास वर्षांचा होता आणि २००२ साली मुदत भरूनच संपला. तोवर त्यातून युरोपीय संघ उभा राहिला होता. फ्रान्स आणि जर्मनी यांच्यात त्यानंतर लढाई झालेली नाही. दोन्ही देशांत आज तिची कोणी चर्चाही करत नाही.

मात्र इथेही सगळे श्रेय कोळशाला देऊ नये. जर्मनी हरलेला होता, अमेरिकेची फौज तिथे बसलेली होती, पूर्वेकडून रशियाचा धाक होता. बांधावर मोठा पंच उभा होता म्हणून भाऊ एका ताटात जेवायला बसले, हेही खरे. पण पंच उभा असतानाही नुसते जेवून उठता येते. यांनी मात्र घर बांधले.

तिसरा वाफा : रशियाचा वायू

आता उलटे उदाहरण. १९७० पासून जर्मनीने रशियाशी करार केला : आम्ही पोलादी नळ देतो, तुम्ही वायू द्या. त्या काळी जर्मनीचे दोन तुकडे होते आणि समोरासमोर तोफा होत्या, तरी वायू येत राहिला. सगळ्यांना वाटले, व्यवहाराने वैर विरते. मग जर्मनी अधिकाधिक वायू घेत गेला. २०२१ साली त्याच्या आयातीतला निम्म्याहून अधिक वायू रशियाचा होता.

फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर चढाई केली. व्यवहाराने ती थांबली नाही. उलट रशियाचा हिशोब असा असावा की थंडीच्या भीतीने जर्मनी गप्प बसेल. त्याच वर्षी बाल्टिक समुद्राखालच्या नळातून येणारा वायू आधी कमी झाला आणि मग बंद पडला. वायूपासून अमोनिया आणि अमोनियापासून युरिया बनतो, त्यामुळे युरोपातले खत कारखाने धडाधड उत्पादन कमी करू लागले. जगात खताचे भाव कडाडले. त्या वर्षी पोटॅशचे पोते घेताना आपलेही हात भाजले, कारण पोटॅश आपण जवळजवळ सगळे बाहेरून आणतो आणि रशिया, बेलारूस हे त्याचे मोठे विक्रेते.

इथे काय चुकले? गरज दोन्हीकडे होती, पण सारखी नव्हती. वायू बंद झाला की जर्मनीला आठ दिवसांत चटका, रशियाला पैशाचा चटका उशिराने. विकणारा जास्त दिवस दम धरू शकतो, हे त्याला ठाऊक होते. आणि वाद तोडायला दोघांच्या वर कोणी मंडळ नव्हते.

आधीचाही एक दाखला आहे. नॉर्मन एंजेल नावाच्या इंग्रज लेखकाने १९१० च्या सुमारास पुस्तक लिहून बजावले की व्यापाराने राष्ट्रे इतकी गुंतली आहेत की युद्ध जिंकणाऱ्यालाही परवडणार नाही. त्याचा हिशोब बरोबर होता. तरी १९१४ ला युद्ध झालेच. परवडत नाही म्हणून माणूस भांडत नाही असे नाही. बांधाच्या दीड फुटासाठी दहा एकर विकून कोर्टात गेलेले लोक आपल्याला माहीत आहेत.

चौथा वाफा : सिंधूचे पाणी

पाण्याचा विषय आपल्याला शिकवायला नको. १ एप्रिल १९४८ रोजी पूर्व पंजाबने पाकिस्तानकडे जाणाऱ्या काही कालव्यांचे पाणी बंद केले. मे महिन्यात तडजोड झाली, पण तिकडच्या शेतकऱ्याच्या मनातली ती भीती गेली नाही. पुढे जागतिक बँकेने मध्यस्थी केली, नऊ वर्षे घासाघीस चालली आणि १९ सप्टेंबर १९६० रोजी कराचीला पंडित नेहरू आणि अयुबखान यांनी सह्या केल्या. रावी, बियास, सतलज भारताला. सिंधू, झेलम, चिनाब मुख्यतः पाकिस्तानला. पाकिस्तानला नवे कालवे काढता यावेत म्हणून भारताने सहा कोटी वीस लाख साठ हजार पौंड दहा वार्षिक हप्त्यांत द्यायचे ठरले. दोन्हीकडचा एकेक आयुक्त नेमून वर्षातून निदान एक बैठक ठरवली.

हा करार १९६५, १९७१ आणि १९९९ अशा तीन लढायांतून टिकला. का टिकला? माझ्या मते त्याचे कारण आमच्या गावच्या एका विहिरीत आहे. दोन चुलत भावांची सामाईक विहीर होती. बोलणे बंद, लग्नकार्यात तोंड फिरवायचे. पण आठ-आठ दिवसांची पाळी वीस वर्षे कधी चुकली नाही. कारण पाळीची वही दोघांपैकी कोणाच्याच घरी नव्हती, शाळेच्या गुरुजींकडे होती. भांडण भांडणाच्या जागी आणि पाळी पाळीच्या जागी.

पण वही गुरुजींकडे असली तरी ती पाळायला मन दोघांचे लागते. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगाममध्ये अतिरेक्यांनी पर्यटकांना वेचून मारले. त्यात आपल्या महाराष्ट्राचीही माणसे गेली. दुसऱ्याच दिवशी भारताने सिंधू करार स्थगित ठेवल्याचे जाहीर केले. रोज घरात दगड येऊन पडत असताना पाळी तेवढी पाळत राहायची का, असा हा प्रश्न आहे, आणि तो खोटा नाही. व्यापार तर त्याआधीच आटला होता. २०१९ मध्ये पुलवामानंतर भारताने पाकिस्तानी मालावर दोनशे टक्के जकात बसवली, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पाकिस्तानने व्यापार थांबवला. त्यामुळे पहलगामनंतर पाणी सोडून हातात धरायला दुसरी दोरी फारशी उरली नव्हती, हेही ध्यानात घ्यावे.

मेळाव्यातल्या प्रश्नाचे उत्तर

आता चारही वाफ्यांचे उत्पादन एकत्र मांडू. वैरी शेजाऱ्याशी व्यवहार करण्याआधी तीन प्रश्न विचारावेत :

एक : गरज दोघांची सारखी आहे का? एकाचीच असेल तर तो व्यवहार राहत नाही, ते दावे होते.

दोन : भाव, पाळी आणि वाद यांचा निकाल देणारी वही दोघांनाही मान्य अशा हाती आहे का? तागात ती नव्हती, कोळशात होती.

तीन : व्यवहार तुटला तर आपण किती दिवस दम धरू शकतो? ज्याच्या घरी कणगीत दाणे असतात तोच बाजारात ताठ मानेने घासाघीस करतो.

या मापाने चीनच्या खताकडे पाहा. २०२० मध्ये गलवानला आपले वीस जवान धारातीर्थी पडले. तरी दोन्ही देशांतला व्यापार पुढच्याच वर्षी शंभर अब्ज डॉलरच्या वर गेला. त्यात आपली खरेदी फार आणि विक्री थोडी. विद्राव्य खतांचा बराच मोठा भाग तिकडूनच येतो. तिथे गरज सारखी नाही आणि दोघांच्या वर वहीही नाही. म्हणजे तात्यांची शंका रास्त आहे. पण 'काहीच घेऊ नका' हेही उत्तर नव्हे. तागाच्या वेळी दोघांनी दोर कापला, त्यात दोघांचाही पैसा गेला आणि वैर तसेच राहिले. व्यवहार ठेवावा, पण कणगी भरून ठेवावी. आपला तरुण सभासदही इथपर्यंत बरोबर आहे.

देशाची कणगी सरकार बघेल. आपल्या शिवाराची आपण बघू. माती परीक्षण करूनच खताची मात्रा ठरवा, अंदाजाने सोडलेले बरेच खत वाया जाते. लागणीआधी ताग किंवा धैंचा गाडा. प्रेसमडचे कुजलेले खत शेतात न्या. पाचट जाळू नका, खोडव्यात कुजवा. मळीवर चालणाऱ्या आसवनीच्या राखेतून आता पोटॅशयुक्त खत मिळू लागले आहे, त्याची माहिती गट कार्यालयात विचारा. पिकाला खत लागणारच, पण दुकानदार "माल नाही" म्हणाला म्हणजे हातपाय गळू नयेत, एवढी तजवीज आपल्याला करता येते.

शेवटी एक. आपल्या कारखान्याच्या भागधारकांत एकमेकांचे तोंड न पाहणारी गावे आहेत, भावक्या आहेत, निवडणुकीतले दोन्ही गट आहेत. तरीही सगळ्यांचा ऊस एकाच काट्यावर येतो, कारण काटा कोणाही एकाच्या मालकीचा नाही. तो काटा चोख राहिला तर आपले वैर कमी होईल की नाही ते सांगता येत नाही, पण गळीत थांबणार नाही. देशादेशांचेही तसेच आहे. अडचण एवढीच की त्यांचा काटा अजून बऱ्याच ठिकाणी बसायचा आहे.

पुढच्या अंकात खोडव्याचे खत व्यवस्थापन घेऊ.

आपला,
ऊस विकास अधिकारी